पुनर्रचनेच्या काळात माणसांची प्रकृती कशी सांभाळावी

संस्थेची पुनर्रचना करायची असे ठरले की पहिल्याच बैठकीत पडद्यावर नवा तक्ता येतो. त्यात चौकोन असतात, चौकोनांना जोडणाऱ्या रेषा असतात, बहुतेक चौकोनांत नावे आणि काहींत नुसताच ‘रिक्त’ हा शब्द असतो. या तक्त्यात दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत. निर्णयाची कुणकुण लागल्यापासून तो अमलात येईपर्यंत माणसे ज्या टांगत्या अवस्थेत दिवस काढतात, तो काळ त्यात नसतो. आणि पुसलेल्या चौकोनातले काम आता कोणाच्या टेबलावर जाऊन पडणार, हेही त्यात नसते. पुनर्रचनेमुळे कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीला होणारा बराचसा अपाय याच दोन जागांतून होतो, असे माझे मत आहे आणि गेल्या तीन-चार दशकांतील संशोधन त्याला बळ देणारे आहे. त्यामुळे पुढील मार्गदर्शनाचा भरही तिथेच आहे. हे लेखन मुख्यतः विभागप्रमुख, टीम लीड आणि मनुष्यबळ विभागातील मंडळींसाठी आहे. ज्यांच्यावर पुनर्रचना येऊन आदळते, त्यांच्यासाठी शेवटी स्वतंत्र भाग आहे.

अपाय कधी होतो आणि कोणाला होतो

नोकरी गेल्यावर माणूस खचतो, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. नोकरी जाण्याच्या कितीतरी आधी तो खचू लागतो, हे मात्र मोजून दाखवावे लागले. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा दीर्घकालीन मागोवा घेणारा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्यात १०,३०८ कर्मचारी सहभागी झाले. अभ्यास चालू असतानाच त्यांपैकी एका विभागाचे खासगीकरण होणार असे ठरले, आणि संशोधकांच्या हाती अनायासे एक तुलना आली: बाकीचे विभाग जागच्या जागी होते, या एका विभागाच्या डोक्यावर मात्र टांगती तलवार होती. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, खासगीकरणाची नुसती चाहूल लागलेल्या या विभागातील कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या प्रकृतीविषयी जे सांगितले, ते इतर विभागांच्या तुलनेत खालावत गेले होते. त्या वेळी कोणाचीही नोकरी गेलेली नव्हती. ज्या काळाला व्यवस्थापन ‘तयारीचा टप्पा’ म्हणते, तोच कर्मचाऱ्यांच्या बाजूने आजाराचा पहिला टप्पा असतो.

दुसरा गैरसमज असा, की कपातीतून जे वाचले ते सुटले. फिनलंडमधील रायसियो या गावात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत नगरपालिकेने कर्मचारी कमी केले, तेव्हा नोकरीत राहिलेल्या ९८१ जणांच्या आजारपणाच्या रजा तपासण्यात आल्या. जिथे मोठी कपात झाली होती, तिथे डॉक्टरी दाखल्यासह घेतलेल्या रजांचे प्रमाण किरकोळ कपात झालेल्या ठिकाणांच्या २.३ पट होते. पुढे फिनलंडमधल्याच दहा शहरांतील २२,४३० नगरपालिका कर्मचाऱ्यांचा साडेसात वर्षे मागोवा घेतला गेला आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मनुष्यबळ १८ टक्क्यांहून अधिक घटवलेल्या ठिकाणी हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, कपात न झालेल्या ठिकाणांच्या तुलनेत दुप्पट आढळले आणि त्यातही पहिली चार वर्षे सर्वांत वाईट होती. मृत्यूंची संख्या अशा अभ्यासांत थोडी असते, त्यामुळे नेमक्या आकड्याला फार चिकटून बसू नये. पण दिशा स्पष्ट आहे, आणि ही सगळी माणसे कपातीतून ‘वाचलेली’ होती.

असे का व्हावे, याचाही शोध रायसियोच्याच माहितीवरून घेतला गेला. जोडीदाराचा आधार कमी झाला होता, धूम्रपान वाढले होते. तरी वाढलेल्या आजारपणाचा उलगडा या दोन गोष्टींनी होत नव्हता. कामाच्या स्वरूपात झालेले बदल हिशेबात धरले, म्हणजे वाढलेले श्रम, कामावरचा कमी झालेला ताबा आणि नोकरीची अशाश्वती, तेव्हा मात्र कपात आणि आजारपण यांच्यातील संबंधाचा जवळजवळ निम्मा भाग, ४९ टक्के, त्यातून समजला. माझ्या मते व्यवस्थापकासाठी या विषयातील हा सर्वांत उपयोगी आकडा आहे. कोणाच्या घरातले वातावरण बदलणे तुमच्या हातात नाही आणि ध्यानधारणेचे वर्ग भरवून वाढलेले काम कमी होत नाही. कामाची मांडणी मात्र तुमच्याच हातात आहे.

जाता जाता एवढे नोंदवतो, की त्रास फक्त आकसणाऱ्या संस्थांतच होतो असे नाही. २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, वेगाने आणि मोठ्या प्रमाणावर वाढलेल्या कार्यस्थळांतही दीर्घ आजारपणाच्या रजा वाढल्याचे दिसले. तेव्हा ‘आपण तर विस्तार करतो आहोत, लोक खूशच असतील’ असे गृहीत धरून पुढचे परिच्छेद ओलांडू नयेत.

घोषणेच्या आधी: माणसे मोजता तशी कामे मोजा

पुनर्रचनेच्या आराखड्यात माणसे एकेक करून मोजली जातात. कामे मात्र ‘एकत्र केली जातील’, ‘सुलभ केली जातील’ अशा क्रियापदांत विरघळून जातात. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. ज्या विभागाला बदलाची झळ लागणार आहे, त्या विभागात प्रत्यक्ष चालणाऱ्या कामांची यादी करा. पदाच्या वर्णनात लिहिलेल्या कामांची यादी उपयोगाची नाही. आठवड्याला, महिन्याला आणि वर्षअखेरीला खरोखर केली जाणारी कामे हवीत. त्यात कोणाच्याच पदात न लिहिलेली कामेही आली पाहिजेत: नव्या माणसाला शिकवणे, जुन्या ग्राहकाच्या तक्रारीचा इतिहास लक्षात ठेवणे, दोन विभागांत अडकलेली फाइल फोन करून मोकळी करणे, सगळे गेल्यावर महिन्याचा हिशेब जुळतो की नाही ते पाहणे. अशी कामे बहुधा विभागातल्या सर्वांत शांत माणसाकडे असतात आणि तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांचा पत्ता लागतो.

यादी झाल्यावर प्रत्येक कामापुढे तीनपैकी एकच खूण करायची: हे काम अमुक व्यक्ती करील, हे काम अमुक तारखेपासून बंद होईल, किंवा हे काम यंत्रणेकडे जाईल आणि ती यंत्रणा आज चालू आहे. शेवटच्या पाच शब्दांवर मुद्दाम जोर देतो. सहा महिन्यांनी येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर आज माणसे कमी केली, तर मधले सहा महिने ते सॉफ्टवेअर म्हणजे उरलेली माणसेच असतात. ज्या कामापुढे कोणतीच खूण करता येत नाही, ते काम आपोआप सर्वांत जबाबदार माणसाच्या अंगावर येते. तो तक्रार करत नाही आणि आजारी मात्र तोच पडतो.

इथे थोडे गणितही करावे. बारा जणांच्या विभागातून तीन जण कमी केले तर कपात २५ टक्के होते, आणि व्यवस्थापनाच्या सादरीकरणात हाच आकडा येतो. पण तेच काम आता नऊ जणांनी करायचे असेल, तर प्रत्येकाचा भार ३३ टक्क्यांनी वाढतो. सहा जण उरले तर कपात ५० टक्के आणि भार मात्र दुप्पट. कपातीचा आकडा आणि भाराचा आकडा कधीच सारखे नसतात. कपात जितकी खोल, तितके त्यांच्यातले अंतर वाढत जाते. म्हणून नव्या तक्त्याला मान्यता देणाऱ्या बैठकीत ‘किती माणसे कमी’ या रकान्याशेजारी ‘प्रत्येकी किती काम वाढले’ हा रकाना आणि ‘कोणती कामे बंद केली’ हा तिसरा रकाना असावा. तिसरा रकाना कोरा असेल, तर तो आराखडा अजून तयार झालेला नाही असे समजून परत पाठवावा.

काय सांगायचे आणि कधी सांगायचे

‘सगळे निश्चित झाल्यावरच सांगू’ हा मोह प्रत्येक व्यवस्थापनाला होतो आणि त्यामागे सद्हेतूही असतो: लोकांना उगीच घाबरवू नये. पण लोक तोवर घाबरलेलेच असतात. बंद दाराआडच्या बैठका, अचानक थांबलेली भरती, बाहेरच्या सल्लागारांचे ओळखपत्र लटकवून फिरणे, हे सर्वांना दिसते आणि रिकाम्या जागा अफवा भरून काढतात. विलीनीकरण होत असलेल्या दोन अमेरिकी कंपन्यांच्या बाबतीत डेव्हिड श्वायगर आणि अँजेलो डेनिसी यांनी केलेला, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखा आहे. एका कारखान्यात कर्मचाऱ्यांना वरिष्ठांचे नेहमीसारखे पत्र तेवढे मिळाले. दुसऱ्यात ठरावीक दिवसांनी वार्तापत्र, प्रश्न विचारण्यासाठी दूरध्वनी आणि व्यवस्थापकाच्या नियमित बैठका अशी व्यवस्था केली गेली आणि तीत अप्रिय माहितीही दिली गेली. घोषणेनंतर ताण आणि अनिश्चितता दोन्हीकडे वाढली. मात्र जिथे माहिती मिळत होती तिथे परिस्थिती पुढे स्थिरावली, आणि दुसरीकडे ती बिघडतच गेली.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी, की चांगला संवाद ठेवला म्हणून घोषणेचा पहिला धक्का टळत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात लोक नाराज दिसले म्हणून संवाद आखडता घेऊ नये. दुसरी अशी, की वेळापत्रक हाच अर्धा संवाद असतो. पहिल्याच दिवशी निर्णय सांगता आला नाही, तरी निर्णयाची तारीख सांगता येते. ‘तुमच्या विभागाबद्दल अजून ठरलेले नाही, १४ तारखेला चार वाजता मी इथेच येऊन सांगेन, आणि तोवर ठरले नाही तर तेही १४ तारखेलाच सांगेन’ हे वाक्य कोणीही बोलू शकतो. १४ तारखेला सांगण्यासारखे काहीच नसले, तरी बैठक रद्द करायची नाही. एकदा रद्द झालेली बैठक लोक वाईट बातमी म्हणूनच वाचतात.

घोषणेच्या भाषणात कारण आधी यावे, मग निर्णय, मग तो कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, मग तारखा, आणि शेवटी प्रश्न कोणाला विचारायचे ते. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य त्या दिवशी टाळावे. कुटुंबातून माणसे कमी करत नाहीत, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असते. ‘रोमांचक प्रवास’, ‘नव्या संधी’ हे शब्दही काही महिने बाजूला ठेवावेत. कारण मात्र खरे आणि पुरेसे द्यावे, कारण त्याचा परिणाम वर्तनात उतरतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कमी करण्यात आले होते. एका ठिकाणी वरिष्ठांनी कारणे सविस्तर सांगितली, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात सूचना देऊन विषय संपवला. कारखान्यातून वस्तू नाहीशा होण्याचे प्रमाण दोन्हीकडे वाढले, पण नीट समजावून सांगितले गेले तिथे ते बरेच कमी वाढले. पगार दोन्हीकडे सारखाच कापला गेला होता.

कायद्याने घालून दिलेली मुदत ही किमान मर्यादा समजावी. अमेरिकेत १९८८ च्या केंद्रीय कायद्याने मोठ्या मालकांना सामूहिक कपातीपूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते; ब्रिटनमध्ये एकाच आस्थापनेत १०० किंवा अधिक पदे जाणार असतील तर पहिली नोकरी संपण्यापूर्वी किमान ४५ दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे आणि तो विधी सल्लागाराकडून समजून घ्यावा; पण सल्लामसलत हा शब्द कायद्यात आला म्हणून ती औपचारिक उरकायची गोष्ट होत नाही. लोकांनी सुचवलेल्यापैकी काय स्वीकारले, काय नाकारले आणि का, हे लेखी कळवले की ती खरी ठरते.

कोण राहणार, कोण जाणार

कपातीतून मागे राहिलेल्यांच्या वर्तनाचा जोएल ब्रॉकनर यांनी १९८० च्या दशकापासून अभ्यास केला. त्यातून सातत्याने पुढे आलेली गोष्ट अशी, की मागे राहिलेले लोक, गेलेल्यांशी कसे वागले गेले हे बारकाईने पाहतात आणि त्यावरून संस्थेविषयीचे आपले मत ठरवतात. म्हणून निवडीचे निकष घोषणेबरोबरच जाहीर करावेत, ते सर्व थरांवर सारखे लावावेत आणि निर्णयावर दाद मागण्याची सोय ठेवावी, जिथे ऐकणारा माणूस मूळ निर्णय घेणारा नसेल. निकष सांगता येत नसतील, तर ते निकष नसून पसंती आहे, हे लोकांना लगेच कळते.

एका आडवाटेचा इशारा इथे दिलाच पाहिजे. थेट कपात करण्याऐवजी लोकांनी आपण होऊन जावे अशी परिस्थिती निर्माण करायची, म्हणजे वारंवार बदल्या, अनुभवाशी न जुळणारी कामे, गाठता न येणारी उद्दिष्टे द्यायची, हा मार्ग काही ठिकाणी ‘सौम्य’ म्हणून निवडला जातो. फ्रान्स टेलिकॉमने २००६ नंतर २२,००० कर्मचारी कमी करण्याचा आणि १०,००० जणांची कामे बदलण्याचा कार्यक्रम राबवला. त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणांत अशा १९ घटना होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिचे माजी प्रमुख दिदिये लोंबार यांच्यासह वरिष्ठ अधिकाऱ्यांना मानसिक छळाबद्दल दोषी ठरवले. एखाद्या व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला छळले इतकाच तो खटला नव्हता. संस्थेचे धोरण हेच छळाचे साधन ठरू शकते, हे त्यात मान्य झाले. राजीनाम्यांची संख्या हे व्यवस्थापकाचे उद्दिष्ट म्हणून कोणी ठरवत असेल, तर त्या बैठकीत लेखी विरोध नोंदवावा.

जाणाऱ्यांचा निरोप

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही, कारण करायचे काय ते बहुतेकांना ठाऊक असते आणि घाईत राहून जाते. बातमी प्रत्यक्ष वरिष्ठाने, एकांतात आणि समोर बसून द्यावी; शुक्रवारी संध्याकाळी देऊ नये, कारण मग दोन दिवस प्रश्न विचारायला कोणीच नसते. संगणकाचा प्रवेश बंद होण्याआधी माणसाला ते कळलेले असावे. देय रक्कम, शिल्लक रजा, विमा कधीपर्यंत चालू राहील आणि अनुभवाचे पत्र कोण देईल, हे एका कागदावर लिहून हातात द्यावे, कारण त्या बैठकीत ऐकलेले फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि सहकाऱ्यांना निरोप घेऊ द्यावा. सकाळी रिकामी झालेली खुर्ची आणि तिच्याबद्दल कोणीच काही न बोलणे, हे मागे राहिलेल्यांना दीर्घकाळ छळते.

मधली फळी

वरचे लोक निर्णय घेतात, खालचे लोक तो भोगतात आणि मधल्या व्यवस्थापकाला दोन्ही करावे लागते. त्याला बातमी इतरांच्या एक-दोन दिवस आधी कळते, ती मनात ठेवून त्याच माणसांबरोबर बसावे लागते, आणि अनेकदा त्याचे स्वतःचे पदही तक्त्यात अनिश्चितच असते. तरीही पुनर्रचनेच्या आराखड्यात त्याच्यासाठी असते काय, तर एक ‘प्रश्नोत्तरांची फाइल’. तिच्यातली उत्तरे विधी विभागाने इतकी घोटलेली असतात, की ती वाचून दाखवली की विचारणाऱ्याचा विश्वास उरलासुरलाही जातो.

मधल्या फळीला तीन गोष्टी द्याव्यात. त्यांच्या स्वतःच्या पदाचा निर्णय त्यांच्या माणसांच्या निर्णयाआधी व्हावा, म्हणजे ते निदान स्वतःच्या चिंतेतून मोकळे होऊन बोलू शकतील. ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याची उघड परवानगी असावी. आणि त्या काही आठवड्यांसाठी त्यांचे नेहमीचे अहवाल, आढावे व उद्दिष्टे कमी करावीत. एकेका माणसाशी अर्धा तास बोलायचे तर तो वेळ कुठून तरी काढावा लागतो. वाईट बातमी देणाऱ्याला त्याच दिवशी आणखी पाच बातम्या द्यायला लावू नये.

नवा तक्ता लागू झाल्यानंतरचे वर्ष

तक्ता लागू झाला की प्रकल्प ‘पूर्ण’ असा शेरा मारला जातो आणि पुनर्रचनेसाठी नेमलेला गट विसर्जित होतो. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने खरी पुनर्रचना तेव्हा सुरू होते. पहिल्या महिन्यात प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे व्हावे आणि त्यात चारच प्रश्न पुरेत: तुझ्याकडे नवीन काय आले, त्यातले काय कोणी सांगितले आणि काय आपोआप आले, कोणते काम कोणाचे हे कळत नाही, आणि काय सोडावे लागेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही, जमवतो’ असे आले तर तिथेच थांबून यादी काढावी. ‘जमवतो’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘रात्री करतो’ असा असतो.

विभागाच्या पातळीवर पाहण्यासाठी ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने २००४ मध्ये आणलेली कामाच्या ताणाविषयीची मानके सोयीची आहेत. त्यांत सहा अंगे आहेत: कामाचा भार, कामावरचा ताबा, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसा हाताळला जातो. यासाठी त्यांची ३५ प्रश्नांची प्रश्नावलीही आहे. पुनर्रचना ‘बदल’ या अंगातच मोडते असे वाटते, पण ती सहाही अंगांना एकदम हात घालते. कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य व मानसिक सुरक्षितता यांविषयीचे आयएसओ ४५००३ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकही २०२१ पासून उपलब्ध आहे. प्रश्नावली निनावी असावी, आणि लहान विभागांचे निकाल वेगळे दाखवू नयेत, नाहीतर पाच जणांत कोणी काय लिहिले ते अक्षर न पाहताही ओळखता येते. प्रश्नावली भरून घेतली आणि पुढे काहीच झाले नाही, तर ती न घेतलेली बरी.

प्रश्नावलीपेक्षा जास्त बोलक्या असतात त्या संस्थेकडे आधीच असलेल्या नोंदी. आजारपणाच्या रजा वाढल्या का, हे तर पाहावेच. पण हक्काच्या रजा पडून राहू लागल्या का, हेही पाहावे, कारण नोकरीची भीती असते तेव्हा लोक बरे नसतानाही कामावर येतात आणि रजांचा आकडा फसवा निघतो. रात्री उशिरा पाठवलेल्या ईमेल, वाढलेले जादा तास, हिशेबातल्या साध्या चुका, बैठकीत कोणीच प्रश्न न विचारणे, आणि ज्यांना थांबवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्यांचेच राजीनामे, या खुणा एकत्र वाचाव्यात. या नोंदी विभागाच्या पातळीवरच पाहाव्यात. एखाद्याने रात्री किती वाजता ईमेल पाठवली यावर पाळत ठेवली, तर उपाय आजारापेक्षा वाईट ठरतो.

आणखी एक पथ्य. पुनर्रचनेनंतर किमान एक वार्षिक चक्र पुरे होईपर्यंत दुसरी पुनर्रचना करू नये, आणि पहिल्या वर्षीचे मूल्यमापन जुन्या मापांनी करू नये. ज्याचे काम एक तृतीयांशाने वाढले, त्याला गेल्या वर्षीच्या निकषांवर ‘सरासरी’ असा शेरा देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. सहाव्या आणि बाराव्या महिन्यात कामांची मूळ यादी पुन्हा उघडावी आणि ‘बंद’ अशी खूण केलेली कामे खरोखर बंद झाली का, ते पाहावे. त्यांतली बरीच कामे दुसऱ्या कोणाकडे गुपचूप चालू असलेली सापडतील.

तुम्ही स्वतः त्या तक्त्यात असाल तर

वरील सगळे व्यवस्थापन करील याची खात्री नसते, म्हणून काही गोष्टी आपल्या हातात ठेवाव्यात. आपला सूचना कालावधी किती, शिल्लक रजांचे काय होते, विमा कधी संपतो, देय रक्कम कशी मोजली जाते, हे अफवांच्या काळातच कागदपत्रे काढून पाहून घ्यावे. अनिश्चितता सगळी संपत नाही, पण तिच्यातला पैशांचा भाग आकड्यांत मांडला की तो आटोक्यात येतो. घरी लवकर सांगावे. जोडीदाराला दोन महिन्यांनी बाहेरून कळले, तर ताण एकाचा दोघांना होतो आणि वर विश्वासाचा प्रश्न निर्माण होतो. सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर येणाऱ्या बातम्या दिवसातून एका ठरलेल्या वेळीच वाचाव्यात. त्यांतल्या बहुतेक तीच बातमी पाच जणांनी पाच शब्दांत सांगितलेली असते.

शरीर काय सांगते याकडे लक्ष असू द्यावे. सलग दोन आठवडे झोप उडाली, पहाटे धडधड होऊन जाग येऊ लागली, दारू किंवा सिगारेट वाढली, ज्यात रस होता त्यात रस उरला नाही, तर ‘कामाचा ताण आहे, जाईल’ असे म्हणत बसू नये. डॉक्टरांना भेटावे आणि कामावर काय चालले आहे तेही त्यांना सांगावे. छातीत दुखले तर एक दिवसही थांबू नये. जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टर किंवा मदतवाहिनी गाठावी. सहकाऱ्याच्या बोलण्यात असे काही ऐकू आले तर त्याला सरळ विचारावे. विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही.

नोकरीत राहिला असाल आणि गेलेल्या सहकाऱ्याचे काम तुमच्याकडे आले असेल, तर पहिल्याच आठवड्यात ते कागदावर आणावे. ‘मला जमणार नाही’ असे लिहिले की तो क्षमतेचा प्रश्न होतो आणि वरिष्ठ लगेच सावध होतात. प्राधान्य विचारले की तोच प्रश्न नियोजनाचा होतो आणि त्याचे उत्तर त्यांना द्यावे लागते. मजकूर साधा असावा: ‘१ तारखेपासून माझ्याकडे पुढील अकरा कामे आहेत. त्यांपैकी सात माझी जुनी आहेत, चार नव्याने आली आहेत. प्रत्येकाला आठवड्याला लागणारे तास पुढे लिहिले आहेत. त्यांची बेरीज ५८ होते. ४५ तासांत बसतील अशी कामे मी वर ठेवली आहेत आणि उरलेली तीन खाली आहेत. हा क्रम आपल्याला मान्य आहे का, की यातले काही वर-खाली करावे, हे शुक्रवारपर्यंत कळवावे. तोपर्यंत मी याच क्रमाने काम करतो.’ ही ईमेल पाठवून तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि सोमवारपासून खरोखर त्याच क्रमाने काम करावे.